कोरड्या जिल्ह्यातला कोरडा दिवस

आषाढी एकादशीला पुण्या-मुंबईतल्या वाइन शॉपचे शटर खाली असते आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद डकवलेला असतो : ‘आज ड्राय डे’. आदल्या संध्याकाळी त्याच शटरपुढे लांबलचक रांग असते. उद्या एकादशी आहे हे रांगेतल्या कित्येकांना त्या रांगेमुळेच कळते. भामरागडला असा कागद कुणी डकवत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणजे बारा महिने, तिन्ही त्रिकाळ ड्राय डे. जिथे परवान्याचे दुकानच नाही, तिथे ते एक दिवस बंद ठेवा म्हणून हुकूम बजावायचा कुणावर?

मात्र भामरागडच्या आसपासच्या माडिया गावांना बंदीचे दिवस ठाऊक नाहीत असे नाही. उलट त्यांचे अख्खे वर्षच तशा दिवसांना बांधलेले आहे. अमुक दिवस येईपर्यंत आंब्याला हात लावायचा नाही, तमुक दिवस येईपर्यंत नवे धान्य तोंडात घालायचे नाही. हे दिवस राजपत्रात छापून येत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरातही सापडत नाहीत. तरी ते पाळले जातात, आणि मुंबईतल्या एकादशीपेक्षा बरेच नेकीने पाळले जातात.

‘अमुक दिवशी अमुक वस्तू विकू नये’ हा जगातला फार जुना नियम. वाचायला साधा, पण त्याच्यामागे उभे कोण आहे हे पाहू गेले की गोंधळ होतो. कधी देव असतो, कधी कामगार असतो, कधी पोलीस. बहुतेक वेळा तिघेही एकाच छत्रीखाली उभे असतात आणि पाऊस कुणामुळे आला यावर भांडतात.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ७ मार्च ३२१ रोजी काढलेले फर्मान या जातीच्या कायद्यांचा मूळपुरुष मानले जाते. सूर्याच्या पूज्य दिवशी शहरातल्या न्यायाधीशांनी, रहिवाशांनी आणि कारागिरांनी विश्रांती घ्यावी, असे त्यात म्हटले होते. गंमत म्हणजे त्या फर्मानात ख्रिस्ताचे नाव नाही, सूर्याचे आहे. आणि शेतकऱ्याला त्यातून मोकळीक होती. पेरणीचा किंवा द्राक्षवेल लावण्याचा वाफसा एकदा गेला की परत येत नाही, हे सम्राटाच्या दरबारातही कुणाला तरी कळत होते. रविवारवरचा पहिला मोठा कायदा झाला त्याच दिवशी अपवादही जन्माला आला, आणि तो शेतीसाठी होता.

महाराष्ट्रातल्या रविवारची कथा याहून रंगतदार. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची ‘बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन’ उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का? साहेबाचा चर्चचा दिवस म्हणून, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर लोखंड्यांच्या नावावर सांगितले जाते : रविवार हा खंडोबाचा वार, आणि गिरणीतला माणूस खंडोबाचा भक्त. भटशाहीशी उभा दावा मांडलेल्या सत्यशोधकाने कामगाराच्या विसाव्यासाठी जेजुरीच्या देवाला साक्षीला बोलवावे, यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. देवाचा वार होता, भंडारा होता, पण मागणी थकलेल्या पाठीची होती. ज्याला सुट्टी हवी होती त्यानेच वार निवडला, एवढे या कथेतले लक्षात ठेवण्यासारखे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानालाही आठवड्यातून एक दिवस बंद राहणे भाग पाडले. कुठे सोमवार, कुठे गुरुवार. बहुतेक शहरांत तो देवाचा नव्हे, तर बाजारपेठेच्या सोयीचा वार झाला. मग २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान आणि माणूस यांची फारकत केली. दुकान तीनशे पासष्ट दिवस उघडे ठेवा, मात्र त्यातल्या प्रत्येक कामगाराला आठवड्याला एक सुट्टी द्या. शटरला विश्रांतीची गरज नसते, माणसाला असते, हा विचार सरळ आहे. फक्त त्यामुळे सगळ्या गावाचा मिळून एक रिकामा दिवस असायचा तो गेला. गिरणीतल्या दोघा भावांना १८९० नंतर एकाच दिवशी जेजुरीला जाता येत होते. आज मॉलमधल्या दोघा भावांच्या सुट्ट्या जुळतील याची खात्री नाही. दारूच्या दुकानांवरचे वेळेचे बंधन मात्र नव्या व्यवस्थेतही राहिले.

परदेशात या प्रश्नाने न्यायालयांना चांगलेच दमवले आहे. इंग्लंडच्या १९५० च्या दुकान-कायद्यात रविवारी काय विकावे याची एक यादीच होती. घोड्यागाढवांची वैरण चालत असे आणि खानावळीत जेवणही चालत असे. पण तळलेल्या मासळीच्या दुकानाने तळलेली मासळी आणि बटाटे विकलेले चालत नसत. १९९४ मध्ये ही यादी निकालात निघाली आणि मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत मेरिलँड राज्यात एका मोठ्या दुकानातल्या नोकरांना दंड झाला. गुन्हा काय, तर त्यांनी रविवारी कागदांचे फाइल-बाइंडर, फरशी पुसायचे मेण, स्टेपलर आणि एक खेळणे विकले. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंड कायम ठेवला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे म्हणणे असे की, या कायद्याचे मूळ धर्मात असले तरी आज त्याचा हेतू सर्वांना एक सामाईक विश्रांतीचा दिवस देणे हा आहे.

त्याच दिवशी निकाल लागलेला दुसरा खटला मात्र जास्त बोचतो. फिलाडेल्फियातले काही सनातनी ज्यू व्यापारी म्हणत होते की, आमचा धर्म आम्हाला शनिवारी दुकान बंद ठेवायला लावतो आणि तुमचा कायदा रविवारी. म्हणजे शेजाऱ्याला आठवड्यात सहा दिवस धंदा, आम्हाला पाच. न्यायालय म्हणाले, तुमच्या श्रद्धेवर बंदी नाही, ती फक्त महाग पडते आहे. चोवीस वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके उलटे पाऊल टाकले. कॅल्गरीतल्या एका औषधांच्या दुकानाने रविवारी किराणा, प्लास्टिकचे पेले आणि सायकलचे कुलूप विकले होते. १९०६ च्या ‘लॉर्ड्स डे’ कायद्याचा हेतू एका धर्माचा दिवस सर्वांकडून पाळून घेणे हाच आहे, तेव्हा तो टिकणार नाही, असे ठरले. सायकलच्या एका कुलपाने एका देवाचा दिवस कायद्याच्या पुस्तकातून मोकळा केला.

आपल्याकडे हा वाद रविवारचा नाही, मटणाचा आहे. अहमदाबाद महापालिका जैनांच्या पर्युषणाच्या काळात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवी. खाटकांच्या बाजूने प्रश्न आला की व्यवसायाच्या हक्काचे काय? १४ मार्च २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी योग्य ठरवली. वर्षातले नऊच दिवस आहेत, निर्बंध वाजवी आहे, दुसऱ्याच्या भावनांचा मान राखावा, असा निकालाचा सूर होता आणि दाखल्याला अकबर बादशहाही आणला होता. २०१५ मध्ये मुंबईत हाच वाद पेटला तेव्हा उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला स्थगिती दिली. मासळी का वगळली, असे विचारल्यावर सरकारी बाजूने सांगितले गेले की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल करावी लागत नाही. कोळीवाड्याने हे ऐकून काय म्हटले असेल ते वेगळे सांगायला नको. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवायला सांगितले आणि जुन्या, १९८८ च्या ठरावाकडे बोट दाखवले. इथे तर कोणत्या देवासाठी, हेही धड सांगता येईना.

‘नऊच तर दिवस’ या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण तो मोजमापाचा युक्तिवाद आहे. दिवस किती हे तो सांगतो, दिवस कुणाचा हे सांगत नाही.

हेच मटण श्रावणात काय करते ते पाहावे. दिव्यांच्या अवसेच्या आदल्या रविवारी खाटिकाच्या दुकानापुढे पहाटेपासून पिशव्या घेऊन माणसे उभी असतात. श्रावण लागला की तीच गल्ली ओस पडते. कोणत्याही आयुक्ताचे परिपत्रक नसते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरे आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाकरी असा बेत करून मोकळी होतात, म्हणून तिला कांदेनवमी म्हणतात. ज्याला पाळायचे नाही तो श्रावणातही कोंबडी आणतो आणि शेजारी नाक मुरडून गप्प बसतो. बंदी आहे, बाजारावर तिचा परिणाम आहे, पण दंड करणारा कुणी नाही. वर ती सुरू व्हायच्या आधी एक मेजवानी आहे.

भामरागडला मेजवानी शेवटी येते.

गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला हे तालुक्याचे गाव. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांचा इथे संगम होतो, पलीकडे छत्तीसगढ. जवळच्या हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तिथे आयुष्य काढले, म्हणून उर्वरित महाराष्ट्राला हा भाग थोडाफार ठाऊक झाला. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावरून गेले की भामरागडचा संपर्क तुटतो आणि दुकानात काय विकायला असेल, हे काही दिवस नदी ठरवते. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. उरलेल्या दोन कातकरी आणि कोलाम.

अशा मुलखात आठवडा बाजाराने मोजला जातो. शहरातला पवित्र वार दुकाने बंद असण्याने ओळखू येतो. जंगलातला मोठा वार ती मांडली जाण्याने. पायवाटेने माणसे येतात, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत चिंच, चारोळी, मोहफूल, डिंक, कोंबडा. जाताना मीठ, मिरची, तेल, कापड. सोयरीक तिथेच जमते, निरोप तिथेच पोचतो, भांडण तिथेच मिटते किंवा लागते. कॉन्स्टंटाइनच्या फर्मानाने जे काम दुकान बंद करून साधायचे, म्हणजे सगळ्यांनी एका दिवशी एकत्र येणे, ते इथे दुकान उघडून साधले जाते.

आणि मग पंडुम. माडियांच्या सणाला पंडुम म्हणतात. मरका म्हणजे आंबा. मरका पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोडायचा नाही, खायचा नाही. बियाण्याचा विज्जा पंडुम वेगळा. नव्या पिकांचे, नव्या धान्याचे सण वेगळे. तारीख पंचांगातून निघत नाही. गायता म्हणजे गावचा पुजारी आणि गावातली जाणती माणसे बसतात, झाडाकडे पाहतात, घराघरांची अडचण पाहतात आणि दिवस धरतात. त्यामुळे या गावाचा पंडुम आज, तर त्या गावाचा आणखी काही दिवसांनी. त्या दिवशी पहिला वाटा पूर्वजांना आणि देवांना, मग माणसांना. जी वस्तू तोडायचीच नाही ती विकायला कुठून येणार? म्हणजे हाही विक्रीवरचा निर्बंधच झाला, फक्त त्याचा लगाम दुकानदाराच्या हातात नसून फांदीपाशी आहे.

यात धर्म किती आणि व्यवहार किती, असे विचारणारा माणूस बहुधा बाहेरचा असतो. कैरीची कोय धरली नाही तोवर फळ तोडू नये, सगळ्यांच्या आधी एकट्याने ओरबाडू नये, हे शहाणपण त्यात आहेच. कोकणातही नवे भात घरात येते तेव्हा आधी त्याची पूजा होते, ‘नवे’ दाराला बांधले जाते आणि मगच भांड्यात पडते. पण नुसते शहाणपण असते तर वन खात्याच्या फलकानेही काम झाले असते. पंडुम पाळणाऱ्याच्या लेखी आंबा हा आधी पूर्वजांचा आहे. आपल्या वाट्याला तो त्यांच्याकडून येतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू विचारल्याशिवाय बाजारात नेणे याला कोणत्याही भाषेत एकच शब्द आहे.

इथे एक उलटापालट दिसते. आपल्या सरकारी कॅलेंडरात पवित्र दिवस उजाडला की बंदी लागते : ड्राय डे, कत्तलखाना बंद, शटर खाली. पंडुमात पवित्र दिवस उजाडला की बंदी सुटते. सण हा मनाईचा नाही, परवानगीचा दिवस आहे. थांबणे आधीच होऊन गेलेले असते, आणि ते सगळ्यांनी मिळून केलेले असते. ड्राय डेला थांबायला कुणाला सांगितलेले असते? दुकानदाराला. पिणाऱ्याने आदल्या दिवशी साठा करून ठेवला असेल तर त्याच्या एकादशीला धक्काही लागत नाही.

हे सगळे आंब्यापुरते असते तर गोष्ट गोड झाली असती. अडते ती मोहापाशी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. बायका-पोरे अंधारातच झाडाखाली जातात, वेचतात, अंगणात वाळवतात. मोहफूल खायला आहे, गुरांना आहे, बाजारात विकून मीठमिरचीला आहे, आणि दारूला आहे. माडियांच्या जन्मात, लग्नात, मरणात, पंडुमात मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय पूर्वजांना निरोप पोचत नाही. गोरगा नावाच्या झाडाचा रसही असतो, पण तो ऋतूपुरता. आधी देवाला, मग माणसाला, हा क्रम आंब्यासारखाच. या अर्थाने ती दारू माल नव्हे, नैवेद्य आहे.

पण तीच दारू माल होते तेव्हा काय होते, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, ‘सर्च’ ही संस्था उभी राहिली, आणि आरोग्याविषयी गावांशी बोलताना बायकांच्या तोंडून पुन्हा पुन्हा दारूच येऊ लागली. मजुरी दुकानात जाते, घरी मार येतो. त्यातून दारूमुक्तीचे आंदोलन वाढले, गावांनी ठराव केले, आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. वर्धा गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून आधीच कोरडा होता. गडचिरोलीत बंदी लोकांच्या रेट्याने आली. शेजारच्या चंद्रपुरातही बायकांच्या मोर्चांनंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, हे कारण देण्यात आले. गडचिरोलीने मात्र बंदी सोडली नाही. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान गावोगाव काम करते. आजही पोलिसांच्या आणि गावसंघटनांच्या बातम्यांत ‘मोहसडवा नष्ट’ (सडवा म्हणजे दारूसाठी आंबवलेला मोह) हे शब्द येतात.

ज्या बाईने त्या सडव्याची मडकी फोडली तिला पंडुमाचे पावित्र्य समजत नव्हते, असे म्हणणे हा उद्धटपणा होईल. तिच्या घरात नैवेद्याचा थेंब आणि हातभट्टीचा पव्वा यांतली सीमा कधीच पुसली गेली होती.

तरी कायद्याला ही सीमा आखता येत नाही असेही नाही. दारूबंदीचा मूळ कायदा १९४९ चा, मुंबई राज्याचा. त्यात धार्मिक विधीपुरते मद्य वापरण्याची मुभा सरकारने देण्याची सोय आहे. अमेरिकेच्या १९१९ च्या दारूबंदी कायद्यातही चर्चच्या वेदीवरची वाइन वगळली होती. म्हणजे पवित्र पेला आणि गुत्त्यातला पेला वेगळा काढता येतो, हे कायदे करणाऱ्यांना मान्य होते. मात्र चर्चच्या वेदीला पुजारी असतो, पत्ता असतो, साठ्याची नोंद ठेवता येते. माडिया गावात वेदी म्हणजे झाडाखालची जागा, आणि पूर्वजांना ठरावीक मापात, ठरावीक दुकानातून आणलेला द्राक्षरस नको असतो. त्यांना त्या घरच्या चुलीवर गाळलेला मोह हवा असतो. सूट देणारा कायदा नकळत एका विशिष्ट आकाराच्या धर्मालाच सूट देतो, असे इथे म्हणावेसे वाटते.

१९७० च्या दशकात केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी अबकारी धोरणाच्या सूचना काढल्या. त्यांचा गाभा सोपा होता : आदिवासी भागात दारूची धंदेवाईक विक्री बंद करा, घरच्या वापरासाठी गाळायला आडकाठी नको. छत्तीसगढमध्ये आदिवासी कुटुंबाला ठरावीक मापापर्यंत मोहाची दारू घरात ठेवता येते. म्हणजे इंद्रावतीच्या एका काठावर जे विधीचे साहित्य, ते दुसऱ्या काठावर मुद्देमाल. दोन्ही काठांवर नातेवाईक एकच, देवही एकच. मोहफुलांवरचे निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये सैल केले. फूल मोकळे झाले, रस नाही.

विक्री आणि वापर यांत फरक करावा, हा विचार जुनाच आहे, पण धर्माच्या बाजूनेही तो नेमका आहे. देवाला वाहिलेली वस्तू विकत नाहीत, ही भावना माडियांपुरती नाही. प्रसाद विकायला ठेवला की त्याला काउंटर लागतो, पावती लागते, आणि काहीतरी निसटते, हे मोठ्या देवस्थानांच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही जाणवते.

मग हे ठरवायचे कुणी? उत्तर कागदावर तरी आहे. २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तीन अधिकार देतो जे इथे एकमेकांत गुंतले आहेत : रूढी-परंपरा जपणे, मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी घालणे, नियमन करणे किंवा निर्बंध आणणे, आणि गावबाजाराचा कारभार पाहणे, मग त्या बाजाराला कोणतेही नाव असो. भामरागड या क्षेत्रातच येते. पण क्रम पाहावा. बंदी १९९३ ची, निर्णय घेणाऱ्याला अधिकार मिळाला १९९६ ला. बंदी, नियमन, निर्बंध अशी तीन अवजारे हातात दिली, तेव्हा त्यांतले सगळ्यात जड अवजार आधीच वापरून झाले होते. एखाद्या ग्रामसभेला म्हणायचे असेल की विक्री कुणीही करायची नाही, पण पंडुमाच्या दिवशी पूर्वजांचा वाटा गाळता येईल, तर ते म्हणायला पेसात शब्द आहेत, जिल्ह्यात जागा नाही.

ग्रामसभेला देव्हाऱ्यात बसवण्याचीही गरज नाही. गावाने ठरवले म्हणजे न्याय झाला असे होत नाही. याच गावांत पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात राहावे लागते, तोही गावाचाच नियम. पंडुमाचा दिवस धरणाऱ्यांत पुरुषांचा शब्द मोठा; दारूबंदीच्या ठरावात बायकांचा. फिलाडेल्फियाच्या ज्यू व्यापाऱ्याची अडचण माडिया गावातही उभी राहू शकते : ज्याने देव बदलला, जो पंडुम मानत नाही, त्याच्या दारच्या आंब्याचे काय? बहुमताने हा प्रश्न सुटत नाही, दडपला जातो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने म्हणूनच सर्वसहमतीची वाट धरली. शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत बोलत राहायचे. वेळ लागतो. आंबा तोवर पिकतो, कधी पडूनही जातो.

या जंगलाने आणखी एक प्रकारचा बंद पाहिला. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा माओवाद्यांचा शहीद सप्ताह. वर्षानुवर्षे त्या आठवड्यात दुर्गम भागातल्या दुकानदारांना शटर उघडण्यापूर्वी विचार करावा लागे, एसटीच्या फेऱ्या थांबत. माओवाद्यांच्या लेखी तेही स्मरणाचे पवित्र दिवस होते. हुतात्मे होते, स्मारके होती. दुकानदाराच्या लेखी ती भीती होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला आणि त्या कॅलेंडराची पाने जवळजवळ संपली. धाकाने बंद ठेवलेले दुकान आणि श्रद्धेने बंद ठेवलेले दुकान बाहेरून सारखेच दिसते : फळी लावलेली, आत अंधार. आत बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय फरक कळत नाही, आणि अशा आठवड्यात कुणी विचारायलाही जात नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या गावाचा मरका पंडुम होऊन जातो. त्यानंतरच्या बाजारात त्या गावची बाई टोपलीत कैऱ्या घेऊन बसलेली दिसू शकते. तिच्याच शेजारी, पायवाटेने दोन कोस पलीकडच्या गावातून आलेली बाई चिंच आणि चारोळी घेऊन बसलेली असू शकते. तिच्याही दारात आंबा लगडलेला असतो, भावही चांगला चाललेला असतो. पण तिच्या गावाचा दिवस अजून यायचा असतो, आणि आंबा विचारायला आलेल्या व्यापाऱ्याला ती एवढेच सांगते की पुढच्या बाजाराला ये.